तंगीच्या दिवसांत स्वतःसाठी काही घ्यावं की नाही?

पैंजण (सांगली)

दिवाळीनंतर यांच्या कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला, तो अजून सुरू झालेला नाही. कुपवाड एमआयडीसीत आहेत ते. पगार वेळेवर होतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरभाडं, मुलीची फी, पतसंस्थेचा हप्ता बाजूला काढला की उरलेल्यात महिना रेटायचा म्हणजे ओढाताणच. मी घरी फॉल-पिको आणि ब्लाउजचं काम करते. लग्नसराईत मान वर करायला सवड नसते, नंतर मशीनवर चादर टाकून ठेवावी लागते.

अशा दिवसांत मन खट्टू झालं की मी बाजारात जाते. किराण्याला जाणं वेगळं, हे वेगळं. मारुती रोड, हरभट रोड, कापड पेठ असा फेरा मारायचा आणि स्वतःसाठी एखादी वस्तू घ्यायची. डझनभर काचेच्या बांगड्या, एखादा जंपर पीस, गजरा, नाहीतर शनिवारच्या बाजारातून एखादं रोप. शंभराची नोट मोडते, कधी तीही पुरती खर्च होत नाही. पण त्या संध्याकाळी स्वयंपाक मनापासून होतो आणि मुलीवर उगाच ओरडणं होत नाही.

सासूबाईंना हे पटत नाही. ‘नड असताना हौस कसली?’ म्हणतात. त्यांनी फार हलाखीत दिवस काढलेत, त्यांच्या बोलण्याला वजन आहे. पण मला अगदी आतून वाटतं की नड असते तेव्हाच थोडी हौस लागते. आलेला सगळा पैसा देण्यांत गेला, त्यातला एक रुपयाही आपल्या मर्जीनं खर्चला नाही, तर बाई आतून आटत जाते. तुमच्याकडे काय करता? घेता, की मन मारता?

सडेतोड (मिरज)

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आठवड्याला शंभर धरले तर वर्षाचे पाच हजार दोनशे होतात. एवढ्यात मुलीच्या वह्या, दप्तर, गणवेश सगळं बसतं. आमच्या वडिलांची नोकरी गेली तेव्हा आईनं दोन वर्षं अंगाला नवी साडी लावली नाही आणि आम्ही तिन्ही भावंडं शिकलो. मन रमवायला पैसेच कशाला लागतात? घाटावर जाऊन बसा, आयर्विन पुलावरून सांगलवाडीपर्यंत चालत जाऊन या. कृष्णामाई पैसे मागत नाही.

पैंजण

राग कसला. पण आठवड्याला कुठे म्हटलं मी? महिन्यातून एखादी खेप होते, काही महिन्यांत तीही नाही. घाटावर मी जातेच. तिथं शांत वाटतं, ते खरं. बाजारातून आल्यावर वाटतं ते वेगळं असतं.

आणि एक सांगू का? आमच्या गल्लीत रोज सकाळ-संध्याकाळ तंबाखू-सुपारीचा मावा चोळणारे आहेत. त्याचा महिन्याचा हिशोब केला तर माझ्या बांगड्या किती वेळा भरून होतील. तो खर्च कोणी खर्चात धरत नाही. बाईच्या शंभराचा मात्र लगेच वर्षाचा गुणाकार होतो. तुमच्या आईंबद्दल मला आदर आहे. त्या दोन वर्षांत त्यांना कसं वाटायचं, हे घरात कोणी विचारलं होतं का, एवढंच विचारते.

हळदीचं पान (सांगली)

+१. मावा, चहाची टपरी, रविवारचं मटण हे ‘घरचं’. टिकल्यांचं पाकीट मात्र ‘चैन’.

शेवटचा बाक (मिरज)

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. पैंजणताई, तुम्हाला जे वाटतं ते तपासून पाहिलेलं आहे. २०१४ साली मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांचा यावरच अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांना आधी उदास करणारी चित्रफीत दाखवली. मग काही जणांना वस्तूंतून आपल्याला हव्या त्या निवडायला सांगितलं, काहींना त्याच वस्तू नुसत्या पाहून त्यांच्याबद्दल मत द्यायला सांगितलं. निवड करणाऱ्यांची उदासी जास्त ओसरली. उदास माणसाला वाटत असतं की आपल्या हातात काहीच राहिलेलं नाही. हे घेईन, ते नको, हा रंग बरा, असं ठरवताना थोडा ताबा परत येतो. आणि त्यातल्या एका प्रयोगात तर पैसे द्यायचेच नव्हते, निवडायचं फक्त.

त्याला दुसरी बाजूही आहे. २००८ च्या एका अमेरिकी प्रयोगात उदास केलेली माणसं त्याच पाण्याच्या बाटलीला इतरांपेक्षा बरीच जास्त किंमत द्यायला तयार झाली, आणि आपल्या उदासपणाचा यात काही हात आहे हे त्यांना जाणवलंही नाही. म्हणजे मन खचलेलं असताना बाजारात जावं, पण रक्कम घरीच ठरवून निघावं. तिथं उभं राहून ठरवलेली रक्कम वाढते.

आणखी एक, कारण आपला भाग उसाचा. तमिळनाडूच्या ऊस शेतकऱ्यांवर २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्याच शेतकऱ्यांना ऊस तोडणीच्या आधी, हातात पैसा नसताना, आणि नंतर पैसे आल्यावर डोकं चालवायच्या चाचण्या दिल्या. तंगीच्या काळात त्याच माणसाची कामगिरी खाली आली होती. तंगी अक्कल कमी करत नाही, पण ती सतत डोक्यात बसलेली असते आणि बाकी विचारांना जागा उरू देत नाही. ‘नड असताना नीट विचार करून खर्च करा’ हे सांगणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

पैंजणताई, तुम्हाला नेमकं कधी बरं वाटतं? घेताना, घरी आणल्यावर, की वापरताना?

पैंजण

विचार करून सांगते. बांगड्यांचं सांगते म्हणजे कळेल.

कासारमामांसमोर बसलं की ते आधी हात हातात घेतात. अंगठा आत दुमडून पंजा दाबून बघतात आणि माप न विचारता दोन-सहाचे गठ्ठे खाली काढतात. मग रंग. हिरव्यातच किती, गडद, पोपटी, मोरपंखी. मी दोन-तीन मनगटाशी धरून उजेडाकडे बघते. हात सैल सोडायचा असतो, आपण आखडला की बांगडी सांध्यावर अडते. ते बोलत बोलत, मुलगी कितवीला, सासूबाई बऱ्या आहेत का, असं विचारत एकेक चढवत जातात. एखादी वाढली तर तिचे पैसे धरत नाहीत. डाव्या हातात एक जास्त. भरून झाल्या की मी नमस्कार करते.

तेवढा वेळ कोणीतरी माझा हात हातात घेऊन माझ्याकडेच लक्ष देत असतं. घरात दिवसभर माझं लक्ष सगळ्यांकडे असतं. तर मला वाटतं, घेताना बरं वाटतं. आणि मग काम करताना किणकिण ऐकू येते तेव्हा परत.

हळदीचं पान

वाचून हातावर काटा आला. लग्नानंतर मेटलच्याच घालतेय, टिकतात म्हणून. या आठवड्यात काचेच्या भरणार.

काठावरचा (सांगली)

माझं घर पूरपट्ट्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खालचा मजला पूर्ण पाण्यात होता, पेठांतली दुकानंही पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला सुरुवात केली तेव्हा घरात आधी काय आणायचं याची यादी वडिलांनी केली: गॅसची शेगडी, गाद्या, पिंप, पत्र्याची पेटी. आईनं ती यादी ऐकली आणि म्हणाली, रांगोळी आणि दोन रंग आणा. कोणी काही बोललं नाही, पण आणली. भिंतीला ओल होती, दाराची चौकट फुगलेली, आणि उंबऱ्याशी तिनं ठिपके मांडले. शेजारच्या दोन काकू येऊन बघून गेल्या आणि त्यांनीही मागवली.

मदत म्हणून तेव्हा खूप सामान आलं आणि देणाऱ्यांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही. पण आलेल्या सामानात आपली निवड नसते. ब्लँकेट मिळेल त्या रंगाचं घ्यायचं. शेवटचा बाक यांनी लिहिलंय ते वाचून मला आईची रांगोळी आत्ता कळली. सडेतोड, तुमचा हिशोब चुकीचा नाही, पण अशा दहा-वीस रुपयांचा हिशोब त्या पद्धतीनं करू नये असं मला वाटतं.

मळेकरी (तासगाव)

आमचं द्राक्षबागेचं घर. वर्षाचा पैसा एकदम येतो, बेदाण्याचा सौदा झाला की. तोवर औषधाच्या दुकानाची उधारी, मजुरी, एप्रिल छाटणी, ऑक्टोबर छाटणी, सगळं वहीवर. घरातल्या बायकांना ‘माल विकल्यावर बघू’ हे ऐकायची सवय झालेली. आणि माल विकला की काय होतं? दहा महिने दाबून धरलेलं एकदम सुटतं. गाडी भरून सांगलीला जायचं आणि दिसेल ते घ्यायचं. एका वर्षी तर औषधवाल्याचं देणं तसंच राहिलं आणि घरात मोठा टीव्ही आला, हे मी शेजारच्या मळ्यात पाहिलंय.

माझं मत बनलंय की वर्षभर थोडं थोडं मिळत राहिलं तर माणूस पैसा आल्यावर वाहवत नाही. आमच्यात आता घरखर्चाच्या पैशातच बायकोच्या आणि आईच्या नावानं महिन्याला काही रक्कम वेगळी देतो. तिचं काय केलं ते विचारायचं नाही. हे विचारायचं नाही, हेच महत्त्वाचं आहे बघा. नाहीतर दिलं काय आणि न दिलं काय.

जमाखर्च (विश्रामबाग)

मी बँकेतून निवृत्त झालो. रोख शंभर रुपयांच्या हौसेनं मी कुठलंच घर बुडालेलं पाहिलं नाही. घरं बुडताना पाहिली ती हप्त्यावरच्या हौसेनं. म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण न भरता ‘किमान रक्कम’ भरली की लोकांना वाटतं आपण सुटलो. उरलेल्या रकमेवर बहुतेक कार्डांवर महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज लागतं. साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी. आणि बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, काल घेतलेल्या भाजीवरही व्याज सुरू. आपल्याकडचा खासगी सावकार बदनाम आहे, पण हा आकडा त्याच्या फार खाली नाही.

‘बिनव्याजी हप्ता’ असं लिहिलेलं दिसलं की रोखीची किंमत विचारा. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना बजावलं आहे. एक तर रोखीची सूट काढून घेतलेली असते किंवा प्रक्रिया शुल्क लावलेलं असतं.

फोनवरच्या ‘आत्ता घ्या, नंतर द्या’चंही तसंच. कर्ज आहे ते. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे अॅपवरून कर्ज देताना सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो हे सांगणारं एक पत्रक आधी द्यावंच लागतं, आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंड न भरता, मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार देऊन बाहेर पडता येतं. हे पत्रक न वाचता अंगठा दाबू नका. माझ्या नात्यातल्या एका मुलीनं कुर्ते, चपला, इअरफोन असं किरकोळ किरकोळ या पद्धतीनं घेतलं. प्रत्येक हप्ता लहान, पण पाच तारखेला सगळे मिळून तिच्या पगाराचा मोठा लचका तोडायचे. तिनं घेतलेलं काहीच उधळपट्टीचं नव्हतं. तारखा एकत्र आल्या, एवढंच.

म्हणून पैंजणताईंची पद्धत मला पटते. पाकिटात नोट आहे तेवढीच आहे.

रात्रपाळी (कुपवाड)

काका, बरोबर. पण आमच्यासारख्यांना बाजार उघडा असताना जाताच येत नाही. पाळी सुटते रात्री, डोकं शिणलेलं, झोप येत नाही, मग फोन. ‘फक्त दोन शिल्लक’, ‘ऑफर संपायला नऊ मिनिटं’. घ्यायचं नसतं तरी छातीत धडधडतं.

जमाखर्च

ती घाई बहुतेक वेळा बनावट असते, आणि बनावट घाई दाखवणं हे बेकायदा ठरवलेलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादीच जाहीर केली. खोटी घाई त्यातच येते. न मागता टोपलीत एखादी वस्तू किंवा विमा टाकणं, घेणं सोपं आणि बंद करणं अवघड ठेवणं, हेही त्यात. तक्रार १९१५ वर करता येते. आणि रात्री आवडलेली वस्तू टोपलीत ठेवून द्या, पैसे दुसऱ्या दिवशी पाळीला जायच्या आधी भरा.

शेवटचा बाक

रात्रपाळी, काकांनी सांगितलेलं हे मला आवडलं. टोपलीत ठेवण्यापर्यंतचं काम म्हणजे निवडच आहे, त्यातला दिलासा मिळतो. तरीही दुसऱ्या दिवशी हवंसं वाटलं आणि ठरलेल्या पैशांत बसलं तर जरूर घ्या.

गजानिशी (सांगली)

मी दुकानदार. मॅचिंगचं कापड, लेस, अस्तर विकतो. नाव आणि दुकान सांगत नाही, जाहिरात वाटायला नको.

वीस-तीस रुपयांसाठी आलेल्या बाईला आपण दुकानदाराचा वेळ खातोय असं वाटतं, म्हणून ती संकोचते. संकोचू नका. फक्त वेळ बघून या. शनिवारी संध्याकाळी किंवा सणाच्या आदल्या दिवशी आमच्या पोरांना श्वास घ्यायला फुरसत नसते, तेव्हा कोणी नीट दाखवणार नाही आणि तुमचा हिरमोड होईल. दुपारी जेवणानंतर, तीन-चारच्या सुमारास या. तेव्हा आम्हीच कंटाळलेले असतो. दहा ठाण उलगडून दाखवतो, घेतलं नाही तरी चालतं.

तुकड्यांची टोपली मागा. ठाण संपताना उरलेलं अर्धा-पाऊण मीटर कापड आम्ही तिथं टाकतो. चांगल्यातलं चांगलं खण, सिल्क, जरीची लेस त्यात निघते. ब्लाउज होणार नाही, पण बाहीची पट्टी, पोटली, मुलीच्या परकराचा काठ, उशीचा अभ्रा होतो. पैंजणताई, तुमच्या हातात शिलाई आहे, तुम्ही तर त्यातून सोनं कराल.

आषाढात लग्नं नसतात, गिऱ्हाईक तुटतं, म्हणून कापडवाले आषाढ सेल लावतात. वर्षात घ्यायची एखादी साडी असेल तर तेव्हा घ्या. मात्र सेलमध्ये कापड उजेडात धरून पूर्ण उलगडून बघा, घडीवर उन्हानं रंग उडालेला असतो.

एकच विनंती. भाव करा, तो तुमचा हक्क आहे, पण दहा रुपयांच्या गजऱ्याला आणि रस्त्यावर बसलेल्या भाजीवालीशी नको. तिचीही महिनाअखेर असते.

हळदीचं पान

तीन-चारची वेळ लिहून घेतली. गणपती पेठेत किराणा आणायला जाते तेव्हाच जमवेन.

कोरडा पाऊस

मी आजवर नुसतं वाचत होते. मला विचारायचंय, की घेऊनही काहीच वाटत नसेल तर? आधी मला साडीच्या दुकानात शिरलं तरी बरं वाटायचं. हल्ली घेतलेलं तसंच पिशवीत राहतं. झोप नाही. पैशाची काळजी आहेच, पण काळजीपेक्षा सगळं निरर्थक वाटतं.

शेवटचा बाक

ताई, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. आवडणाऱ्या गोष्टीतलं सुखच जाणं, झोप उडणं आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चालणं, यावर बाजार हा उपाय नाही. हे आजारपण असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ वर फोन करा. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. सरकारी रुग्णालयातही मानसोपचार तज्ज्ञांना दाखवता येतं, खर्चाची भीती बाळगू नका. सगळं संपवावंसं वाटत असेल तर आजच, आत्ताच फोन करा आणि घरात ज्यांच्याशी बोलता येतं त्यांना जवळ बसवा. मला व्यक्तिगत निरोप पाठवलात तरी मी आहे.

पैंजण

कोरडा पाऊस, मीही आहे. सांगलीत असाल तर सोबत येईन, दवाखान्यातही आणि बाजारातही.

कोरडा पाऊस

फोन केला. बराच वेळ ऐकून घेतलं त्यांनी. सोमवारी दाखवायला जायचं ठरलंय. पैंजणताई, निरोप पाठवलाय.

सडेतोड

पैंजणताई, तुमचा प्रश्न मनात राहिला म्हणून काल आईला विचारलं. साडी न घेतल्याचं तिला काही वाटलं नव्हतं. पण भिशीतल्या बायका बाजाराला निघाल्या की ती काम काढून घरी थांबायची, कारण पाच रुपयेही खर्चता येत नव्हते, आणि मग त्यांनी बोलवायचंच बंद केलं. त्याचं वाईट वाटायचं म्हणाली. आम्हाला हे माहीतच नव्हतं. काटकसर हवी हे माझं मत कायम आहे, पण घरातल्या बाईच्या हातात तिचे म्हणून थोडे पैसे हवेत, हेही आता मी म्हणतो.

पैंजण

आईंना माझा नमस्कार सांगा.

तुमच्या या निरोपावरून आमच्या गल्लीत बोलणं झालं. पाच जणी मिळून हौसेची भिशी करतोय. महिन्याला प्रत्येकी पन्नास, चिठ्ठी निघेल तिला अडीचशे. अट अशी की ते घरखर्चात घालायचे नाहीत आणि जिची चिठ्ठी तिच्याबरोबर बाकीच्या चौघी बाजारात जाणार, आपल्या पैशानं काही घेवोत न घेवोत. सासूबाईंना सांगितलं. हो म्हणाल्या नाहीत, पण सहावी कोण म्हणून त्यांच्या मैत्रिणीचं नाव सुचवलं. आता अडचण एकच, एकीच्या घरी या महिन्यात पन्नासही निघणार नाहीत. तिला वगळायचं नाहीये. जमाखर्चकाका, काय करावं?

जमाखर्च

तिची चिठ्ठी शेवटी ठेवा आणि तिचा हप्ता दोन महिन्यांनी सुरू करा, ती तेवढी रक्कम पुढे भरून काढेल. तोवर चिठ्ठी निघेल तिला थोडे कमी मिळतील, ते सगळ्यांनी आधीच मान्य करा. वहीत तारीख, नाव, रक्कम लिहा आणि प्रत्येकीची सही घ्या, मैत्री असली तरी. आणि तिला बाजारात मात्र पहिल्याच महिन्यापासून न्या.